शरद ऋतूत नदीकाठाने दिवसभर चालायचे असेल तर

नदीकाठाने लांब पल्ला चालण्यासाठी शरद ऋतूइतका चांगला काळ नाही, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. हवेतला उष्मा ओसरलेला असतो, झाडोरा विरळ होऊ लागल्याने वाटेवरून पाणी अधिक ठिकाणी दिसते आणि दुपारीसुद्धा न थकता चालता येते. मात्र या ऋतूत दिवसाचा उजेड भराभर आखडत जातो, आणि या चालीत जे काही बिघडते त्यातले बरेचसे अखेरीस वेळेच्या चुकलेल्या हिशेबापाशी येऊन थांबते. म्हणून आखणीला बसताना आधी सूर्यास्ताची वेळ कागदावर लिहावी आणि तिथून मागे मोजत यावे.

२२ किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात. त्यानंतर उत्तर गोलार्धात दिवस लहान होऊ लागतो; दक्षिण गोलार्धात हेच मार्चमध्ये घडते. विषुववृत्ताजवळ हा फरक जाणवतही नाही, २० अंश अक्षांशावर तो रोज सुमारे एक मिनिटाचा असतो, पण ५० अंशांवर दिवस रोज जवळपास ४ मिनिटांनी घटतो, म्हणजे आठवड्याला सुमारे अर्धा तास. मागच्या महिन्यात आरामात पुरलेली वाट या महिन्यात अंधारात संपू शकते. ज्या देशांत शरद ऋतूत घड्याळे एक तास मागे करतात तिथे तर एका रात्रीत सूर्यास्त घड्याळाच्या हिशेबाने एक तास अलीकडे येतो, ही गोष्ट आखणीच्या वेळी हमखास विसरली जाते. सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश विषुववृत्ताकडे २० मिनिटांहून थोडा अधिक आणि ५० अंशांवर सुमारे अर्धा तास मिळतो; तो अडीअडचणीसाठी राखून ठेवावा, आखणीत धरू नये.

आता अंतर. नदी सरळ वाहत नाही. वळणांसह मोजलेली लांबी सरळ रेषेतल्या अंतराच्या दीडपट किंवा त्याहून अधिक असेल, तर भूगोलात तिला नागमोडी नदी म्हणतात. अशा नदीच्या काठाने जाताना १० किलोमीटरवर दिसणारे गाव पायाखाली १५ किलोमीटरचे ठरू शकते. नकाशावर एक ओला दोरा घेऊन तो प्रत्येक वळणावर बोटाने दाबत वाटेबरोबर बसवावा आणि मग सरळ करून नकाशाच्या प्रमाणपट्टीवर धरावा. पडद्यावरच्या नकाशात मोजत असाल तर बिंदू जवळजवळ द्यावेत, कारण दोन बिंदूंमधली सरळ रेषा वळण कापून टाकते. एवढे करूनही आलेल्या आकड्यात दहावा हिस्सा मी नेहमी वाढवतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उपनद्या आणि ओढे. तुमच्या काठाला येऊन मिळणारा प्रत्येक ओढा ओलांडावा लागतो, आणि त्याचा पूल संगमावर असेलच असे नाही. तो एक-दोन किलोमीटर आतही असतो. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने तोंड केले असता उजव्या हाताला येतो तो उजवा किनारा आणि डाव्या हाताला येतो तो डावा. दोन्ही किनाऱ्यांना मिळणारे ओढे नकाशावर मोजावेत आणि ज्या बाजूला ते कमी असतील, किंवा ज्यांचे पूल संगमाजवळ असतील, ती बाजू निवडावी. मुख्य नदीवरचे पूल आणि काठाला भिडणारे रस्ते यांवरही खूण करून ठेवावी, कारण पाय दुखावला किंवा वेळ कमी पडला तर बाहेर पडण्याच्या जागा त्याच असतात.

वेगासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरला जातो : सपाटीवर तासाला सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. नदीकाठी चढाई फारशी नसते, तरी चिखल, कुंपणांची फाटके आणि ओली पाने यांमुळे मी तासाला ४ किलोमीटरच धरतो. समजा सूर्यास्त ५ वाजून ४५ मिनिटांनी आहे आणि वाट २८ किलोमीटरची आहे. चाल ७ तासांची, विश्रांती एक तासाची, आणि सूर्यास्ताच्या एक तास आधी पोहोचायचे. म्हणजे ८ वाजून ४५ मिनिटांनी निघणे हा शेवटचा क्षण झाला. सकाळच्या धुक्यासाठी अर्धा तास राखला की निघण्याची वेळ सव्वाआठ ठरते. हा हिशेब जमत नसेल तर वाट कापावी. वेग वाढवून तो जमवू नये.

येण्याजाण्याची सोयही यातच धरावी. गाडी शेवटच्या टोकाला ठेवून सकाळी बस किंवा आगगाडीने आरंभाच्या टोकाला जावे. दिवसाच्या शेवटी शेवटची गाडी गाठण्याची घाई नसली की माणूस नीट चालतो. ऊन शरदात कलते असते, आणि मावळतीकडे तोंड करून चालताना ते आकाशातून आणि पाण्यावरून असे दोनदा डोळ्यांत येते. शक्य असेल तर दुपारनंतर सूर्य पाठीशी राहील अशी दिशा घ्यावी.

धुक्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता गमावते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन उतारावरून नदीच्या खोऱ्यात साचते आणि तिच्यातली वाफ गोठत नाही पण थेंबांत उतरते. शिवाय पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने त्याच्या पृष्ठभागावरूनही वाफेचे पुंजके उठतात. ऊन वर आले की बहुधा हे विरते. तोवर नदी एकाच हाताला ठेवत पुढे जावे, एवढे बहुतेक वेळा पुरते. फसगत होते ती नदीने सोडून दिलेल्या जुन्या वळणापाशी, जिथे आता नालाकृती सरोवर उरलेले असते. धुक्यात त्याचा काठ नदीच्या काठासारखाच दिसतो आणि माणूस त्याच्या कडेने वळत भलतीकडे जातो. शंका आली की एक वाळके पान पाण्यावर टाकून थांबावे. ते एका दिशेने सरकत राहिले तर नदी. जागच्या जागी गिरकी घेत राहिले तर होकायंत्र काढावे.

पाण्याची पातळी ही दुसरी लक्ष ठेवण्याची गोष्ट. तुमच्या डोक्यावर निळे आकाश असताना वरच्या अंगाला पडलेला पाऊस किंवा धरणातून सोडलेले पाणी काही तासांनी तुमच्यापर्यंत येते. जेवायला बसताना पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवावी आणि उठताना पाहावी. काडी पाण्यात गेली असेल, पाणी गढूळ होऊन त्यातून काटक्या-पालापाचोळा वाहू लागला असेल, तर सखल वाट सोडून उंचावरची धरावी. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट; म्हणून गुडघाभर दिसणाऱ्या ओढ्यातही उतरू नये, पुलाचा वळसा घ्यावा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह काठ खालून पोखरतो. तिथे काठाला समांतर गेलेली भेग दिसली, तर ती ओलांडून कडेला जाऊ नये.

पायांची काळजी सकाळपासून घ्यावी लागते, कारण पहिल्या तासातच दवाने भिजलेल्या गवतातून बूट ओले होतात. ओली त्वचा मऊ पडते आणि मऊ त्वचेवर घासून फोड लवकर येतो. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे घालावेत, कोरडा जोड सोबत ठेवावा आणि गवत वाळल्यावर, साधारण दुपारी, मोजे बदलावेत. टाचेला नुसती आग जाणवली तरी तिथेच थांबून चिकटपट्टी लावावी. पुढच्या थांब्यापर्यंत वाट पाहिली की फोड आलेला असतो. सुती कपडा घाम धरून ठेवतो, म्हणून अंगालगत तो टाळावा, आणि थांबल्यावर थंडी वाजण्याची वाट न पाहता बसण्याआधीच वरचा थर चढवावा. लाकडी पुलाच्या फळ्यांवर ओली पाने दडपून बसलेली असली की त्या साबण लावल्यासारख्या निसरड्या होतात. तिथे पाऊल पूर्ण टेकवून, आखूड टाकत जावे.

नदीचे पाणी कितीही निवळ दिसले तरी तसेच पिऊ नये. दोन लिटर सोबत घ्यावे. भरून घ्यावेच लागले तर खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळावे. उकळल्याने जंतू मरतात, पाण्यात मिसळलेली रसायने जात नाहीत, त्यामुळे शहराच्या किंवा कारखान्यांच्या खालच्या अंगाचे पाणी उकळूनही घेऊ नये.

वाट, निघण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ घरच्या एका माणसाला सांगून ठेवावी, आणि पोहोचल्यावर आठवणीने कळवावे. डोक्याला बांधायचा दिवा वर, सहज हाताला लागेल असा ठेवावा. गारठ्यात मोबाइलची बॅटरी लवकर उतरते, म्हणून उजेडासाठी त्याच्यावर विसंबू नये.

अर्ध्या वाटेवर पोहोचाल तेव्हा घड्याळ पाहावे. आखणीपेक्षा अर्ध्या तासाहून अधिक मागे असाल, तर पुढच्या खूण केलेल्या पुलावर बाहेर पडावे, पाय कितीही ताजे असले तरी. वेळेच्या आत असाल तर मात्र दहा मिनिटे काठावर बसावे. पानांतले हरितद्रव्य विघटित होऊ लागले की आधीपासून आत असलेला पिवळा रंग उघडा पडतो, तर लाल रंग पुष्कळ झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होतो; एकाच फांदीवर हे दोन्ही दिसतात, आणि संथ डोहावर ती फांदी वाकलेली असेल तर गळलेली पाने आपापल्या सावलीसह तळावरून सरकताना दिसतात.