जुनी छोटी गाडी घेताय? इंजिन सगळ्यात शेवटी बघा, आणि या चुका टाळा

सेकंड हँड अल्टो, वॅगन आर, आय टेन, टियागो, क्विड असलं काही बघायला जाताना आपण सोबत काय नेतो, तर ओळखीचा एक मेकॅनिक. तो बोनेट उघडतो, दोन-तीनदा रेस देतो, कान लावून ऐकतो आणि म्हणतो इंजिन एक नंबर आहे, घेऊन टाका. झालं, टोकन दिलं. खरं सांगायचं तर छोट्या पेट्रोल गाडीत इंजिन ही सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे, कारण ते अगदी उघडावं लागलं तरी खर्च किती येईल हे गॅरेजवाला आधी सांगू शकतो, पार्ट मिळतात, काम होऊन जातं. पण कागद अडकलेले असले, गाडी पुरात बुडून आलेली असली किंवा पुढून जोरात ठोकलेली असली तर पैसे ओतूनही ती पूर्ववत होत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी कागद, मग पाणी आणि ठोकाठोकी, इंजिन शेवटी.

आणि जाहिरातीत "सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, एक रुपयाचं काम नाही" असं लिहिलंय म्हणून भुलू नका. महाराष्ट्रात डॉक्टरांच्या म्हणून जेवढ्या गाड्या विकल्या जातात तेवढे डॉक्टरच नाहीयेत.

चूक: आरसीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर बघून समाधान मानणं

ओरिजिनल आरसी (गाडीच्या नोंदणीचं कार्ड) हातात घ्या. गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर टाका, तिथे रजिस्ट्रेशनची तारीख, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडीवर बोजा आहे का, हे सगळं दिसतं. चलान वेगळं तपासा, कारण थकलेल्या चलानावरून पुढे ट्रान्सफर अडकू शकतं आणि मग ते तुमच्या खिशातून जातं. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी आकडा-आकडा जुळवा, चासी नंबर कुठे पंच केलाय ती जागा गाडीगणिक वेगळी असते, मेकॅनिकला विचारा. पंच केलेल्या जागेवर घासल्याच्या खुणा किंवा नवा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा, भाव कमी करून मागत बसू नका.

बोजा म्हणजे आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव. विकणारा म्हणतो "लोन कधीच फिटलंय हो". फिटलं असेल, पण बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आरटीओतून ते नाव निघेपर्यंत गाडी मोकळी नाही. ट्रान्सफरसाठी फॉर्म 29 आणि फॉर्म 30 लागतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणारा "नंतर बघू" म्हणत टाळत असेल तर त्याला शांतपणे सांगा की आरसीवर त्याचं नाव आहे तोवर अपघाताच्या भरपाईत मालक म्हणून त्यालाच धरलं जातं, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये हेच सांगितलंय. मग तोच आरटीओत जायची घाई करतो.

डीलरकडे वेगळी गंमत असते. पहिल्या मालकाने कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिलेल्या असतात, गाडी दोन-तीन हातांतून फिरून तुमच्यापर्यंत येते आणि आरसी मात्र अजून पहिल्याच माणसाच्या नावावर. 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून ऑथरायझेशन घ्यावं लागतं, ते आहे का विचारायला लाजू नका. आणि जमलं तर मूळ मालकाशी एकदा फोनवर बोला, पाच मिनिटांत गाडीबद्दल जे कळतं ते डीलर पाच दिवसांत सांगणार नाही.

दिल्ली पासिंगच्या गाड्यांबद्दल एवढंच की तिकडे 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून त्या स्वस्तात इकडे येतात. तिकडच्या आरटीओची फॉर्म 28 ची एनओसी, इथला रोड टॅक्स, एजंटचे पैसे आणि हेलपाटे हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीच उतरते. पहिली गाडी घेत असाल तर या भानगडीत पडूच नका.

इन्शुरन्सच्या कागदावर एक जागा कोणी बघत नाही, ती म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. लागोपाठ पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत जातो. सहा वर्षांची सिंगल ओनर गाडी आणि बोनस शून्य, म्हणजे मागच्या वर्षी क्लेम झालाय किंवा पॉलिसी मध्येच तुटली होती, विचारा काय झालं होतं. उलट 50 टक्के दिसला म्हणून गाडी धुतल्या तांदळाची असं नाही, कारण बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, आधीच्या गाडीवरचा इकडे आणलेला असू शकतो. आणि हो, तो बोनस तुम्हाला मिळणार नाही.

चूक: गाडी धुऊन पुसून समोर आली की पाण्याचा विचारच न करणं

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, 2021 च्या जुलैमध्ये चिपळूण, 2023 च्या सप्टेंबरमध्ये नागपूर. दरवेळी गाड्या छतापर्यंत पाण्यात गेलेल्या आपण टीव्हीवर बघितल्या, पण त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत. नंबर एमएच 08, 09 किंवा 10 (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली) आहे म्हणून गाडी वाईट असं अजिबात नाही, आणि पूर आलेल्या गावाची गाडी त्याच गावात विकायला येईल असंही नाही.

बघायचं कसं, तर सीट बेल्ट. पुढचा बेल्ट हळूहळू ओढत पूर्ण बाहेर काढा, अगदी थांबेपर्यंत. रोजच्या वापरात शेवटची वीतभर पट्टी कधी बाहेर येतच नाही, त्यामुळे गाडी धुणाऱ्याचा हातही तिथे पोचत नाही. त्या भागावर मातकट रेघ, कडकपणा किंवा कुबट वास असेल तर आत पाणी गेलेलं आहे. मग सीट पूर्ण मागे सरकवून रुळांवर गंज बघा, मॅट काढून कारपेटचा कोपरा उचला, डिकीतलं स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरवा, हेडलाइटच्या आत पाण्याची आडवी रेघ आहे का बघा. एकच खूण सापडली तर दुसरं कारण असू शकतं, तीन सापडल्या तर विषय संपला. अशी गाडी आज मस्त चालते, मग सहा-आठ महिन्यांनी कनेक्टर हिरवे पडायला लागतात, आज पॉवर विंडो, उद्या सेंसर, परवा रस्त्यात बंद, आणि फॉल्ट नेमका कुठे आहे ते कोणालाच सापडत नाही.

किनारपट्टीच्या गाडीला गंजायला पूर लागत नाही, खारी हवाच पुरते. गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघा, दरवाज्याच्या खालच्या कडा बोटाने दाबा, रंगाला फुगे असतील तर आत गंज आहे.

ठोकलेली गाडी ओळखताना

बंपर रंगवलाय, फेंडरला ओरखडा होता, मागचा दरवाजा डेंटिंग-पेंटिंग झालाय, हे आपल्या शहरांत चालायचंच, त्यावरून गाडी सोडू नका. सोडायची कधी, तर सांगाड्याला मार असेल तेव्हा. दरवाज्याच्या कडेचं रबर ओढून काढा, ते हातानेच निघतं. त्याखाली कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे ओळीने दिसले पाहिजेत. ते बुजलेले असतील, मध्येच वेल्डिंगची वेडीवाकडी रेघ असेल तर तिथे पिलर (छत धरणारा खांब) कापून जोडलाय. बोनेट उघडून दोन्ही बाजूचे एप्रन (चाकांवरचे आतले पत्रे) आणि रेडिएटरची आडवी पट्टी बघा, बोनेटच्या बोल्टांवरचा रंग पान्याने उडालेला असेल तर बोनेट निघालेलं आहे. फ्रिजवरचं मॅग्नेट रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे (बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे फिरवू नका).

चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर आनंद मानू नका, अपघातात एअरबॅग उडाल्यावर नवीन न बसवता दिवाच बंद करून ठेवणारे महाभाग आहेत. ड्रायव्हरची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या बेस मॉडेलमध्ये बहुतेक वेळा ती नसतेच, घरात लहान मुलं असतील तर थोडे जास्त पैसे टाकून त्यानंतरची गाडी बघा असं माझं मत.

चूक: मीटरवर विश्वास

मीटर मागे फिरवणं फार अवघड काम नाही. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली हिस्टरी मालकाला काढायला सांगा, त्यात प्रत्येक वेळचं किलोमीटर असतं. ती नसेल तर गाडीच बोलते. मीटर म्हणतं 35 हजार आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टीअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची उतरायच्या बाजूची कड दबलीये, असं असेल तर हिशोब जुळत नाही. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालातला 23 वा आठवडा. 2021 च्या, 20 हजार चाललेल्या गाडीला 2024 चे टायर का लागले?

अल्टो, वॅगन आर बघताना शेजारच्या सीटपुढची मॅट उचलाच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला तिथे दुसरे पेडल असतात, ते काढून टाकले तरी पत्र्याला भोकं किंवा वेल्डिंगच्या खुणा राहतात. शिकाऊ लोकांनी चालवलेल्या त्या क्लचची आणि गिअरबॉक्सची काय अवस्था असेल ते मी सांगायला नको.

आता इंजिन

गाडी थंड असताना बघायची, फोन करून आधीच सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा, गरम असेल तर काहीतरी लपवायचं असू शकतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जातंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा, फस-फस करत धूर बाहेर आला तर त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, इंजिन थकलंय. झाकणाच्या आत सायीसारखा थर दिसला तर लगेच घाबरू नका, पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ओलाव्याने थोडासा येतो, पण त्यासोबत कूलंट कमी किंवा तेलकट असेल तर हेड गॅस्केटचं (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या पॅकिंगचं) काम आहे.

बऱ्याच छोट्या गाड्यांना टेंपरेचरचा काटाच नसतो, नुसता दिवा असतो, म्हणून एसी लावून पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवा आणि रेडिएटरचा फॅन लागून बंद होतोय का ऐका. क्लचसाठी मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडा, गाडी लगेच बंद पडली पाहिजे, इंजिन चालूच राहिलं तर प्लेट गेलीये. खड्ड्यात खालून खडखड म्हणजे बहुतेक सस्पेन्शनमधला लिंक रॉड नाहीतर लोअर आर्मचे बुश, हा किरकोळ खर्च, भावातून कापा आणि पुढे चला. स्टीअरिंग रॅकचा आवाज मात्र महागात जातो.

सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर आणि इन्शुरन्समध्ये दोन्हीकडे पाहिजे, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, सिलिंडरवरच्या प्लेटवर तारीख असते ती वाचा.

व्यवहार करताना पैसे बँकेतून द्या, टोकनची पावती घ्या, आणि डिलिव्हरीच्या कागदावर तारखेसोबत वेळही लिहून दोघांच्या सह्या करा, कारण सकाळी 11 ला गाडी विकणाऱ्याची होती आणि 11:30 नंतर तुमची, हे चलान आल्यावर उपयोगी पडतं. इन्शुरन्स 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका. त्याचा फास्टॅग त्यालाच बंद करायला सांगा. आणि दुसरी चावी तेव्हाच मागून घ्या, घरी कुठेतरी आहे, पाठवतो म्हणाला तर ती येईपर्यंत दोन-तीन हजार हातात ठेवा, इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या चिपची) नवीन चावी करून घ्यायला साधारण तेवढे तरी जातातच.