इग्निशनचा वेव्हफॉर्म स्कोपवर कसा टिपावा

पेट्रोल इंजिन मिसिंग करू लागले, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले मिश्रण नीट पेटेनासे झाले, की बहुतेक ठिकाणी आधी प्लग, मग कॉइल आणि तरीही दोष राहिला तर इंजेक्टर बदलला जातो. ठिणगी खरोखर किती वेळ टिकली हे स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर, म्हणजे बदलत्या व्होल्टेजचा आलेख, अर्थात वेव्हफॉर्म, दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहिले, तर या तिन्हींपैकी कुठे हात घालायचा ते सुटे भाग विकत घेण्यापूर्वीच ठरवता येते.

प्रथम प्लगवर बसणाऱ्या कॉइलच्या कनेक्टरमधील तारा मोजाव्यात. दोनच तारा असतील तर कॉइलचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर ईसीयूमध्ये (इंजिनच्या नियंत्रण संगणकात) असतो आणि त्याच्याकडे जाणाऱ्या तारेवर प्रायमरीचा (कॉइलच्या बॅटरीकडील वेटोळ्याचा) पूर्ण व्होल्टेज मिळतो. तीन किंवा चार तारा असतील, तर बहुधा इग्नायटर, म्हणजे करंट चालू-बंद करणारा हा भाग, कॉइलच्या आतच असतो. तेव्हा ती प्रायमरी बाहेरून हाती लागत नाही आणि ईसीयूकडून येणारा सुमारे 5 व्होल्टचा ट्रिगर सिग्नल व पुरवठ्याच्या तारेवरील करंट एवढ्यावरच काम भागवावे लागते. तारांचा रंग पाहून अंदाज करण्यापेक्षा वायरिंग डायग्राम उघडलेला बरा.

दोन तारांच्या कॉइलसाठी जोडणी इंजिन बंद ठेवून करावी. पहिल्या चॅनलवर 20:1 चा अटेन्युएटर (व्होल्टेज विसाव्या हिश्श्यावर आणणारा जोड) लावून प्रोब ट्रान्झिस्टरकडील तारेवर आणि स्कोपची अर्थ इंजिनच्या धातूवर जोडावी. अटेन्युएटर वगळता येणार नाही, कारण प्रायमरीची उसळी 300 ते 400 व्होल्टपर्यंत जाते आणि ती थेट आत गेल्यास स्कोपचे इनपुट जळू शकते. दुसऱ्या चॅनलवर करंट क्लॅम्प (तारेभोवती बसून करंट मोजणारा चिमटा) घ्यावा, तो आधी शून्यावर आणावा आणि पुरवठ्याच्या एकाच तारेभोवती बसवावा; दोन्ही तारा एकत्र धरल्या तर परस्परविरुद्ध करंट एकमेकांना खोडतात आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. सेकंडरीवर (प्लगला ठिणगी देणाऱ्या वेटोळ्यावर) हजारो व्होल्ट असतात, म्हणून तिथे साधा प्रोब कधीही लावू नये, त्यासाठी बाहेरून बसणारा कॅपॅसिटिव्ह पिकअपच वापरावा. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

पूर्ण पडदा 10 मिलिसेकंदांचा ठेवावा, स्कोपचा ट्रिगर (ज्या पातळीवर चित्र टिपले जाते ती) चढत्या कडेवर 50 ते 100 व्होल्टच्या दरम्यान लावावा आणि तो बिंदू डावीकडून सुमारे 40 टक्क्यांवर सरकवावा, म्हणजे ठिणगीआधीचा ड्वेलही (कॉइलमध्ये करंट भरण्याचा काळही) दिसतो. सॅम्पलिंग सेकंदाला किमान 10 लाख नमुन्यांचे असावे. ते कमी असेल तर अरुंद उसळीचे टोक दरवेळी वेगळ्याच उंचीचे दिसते आणि नसलेला दोष शोधण्यात दुपार जाते.

इंजिन सुरू केल्यावर करंट तिरपा चढतो, बऱ्याच कॉइलमध्ये 6 ते 10 अँपिअरपर्यंत पोहोचतो आणि एकदम तुटतो. त्याच क्षणी व्होल्टेज उसळतो, मग खाली येऊन काही काळ जवळपास सपाट राहतो. हीच ठिणगी जळण्याची रेषा. ती साधारण 1 ते 2 मिलिसेकंदांची असते आणि तिच्यानंतर कॉइलमधील उरलेली ऊर्जा काही लाटांत विरते. उसळीची उंची डोळ्यांत भरते, पण आधी ही रेषा वाचावी असे माझे मत आहे. रेषा आखूड व उंचावलेली आणि उसळी मोठी असेल, तर प्लगचा गॅप वाढलेला असण्याची शक्यता अधिक. रेषा लांब, खाली बसलेली आणि उसळी छोटी असेल, तर प्लग काजळीने शॉर्ट झालेला असू शकतो. मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्यासही रेषा आखूड होते आणि तिचे टोक वर चढते. करंट सुरुवातीलाच उभा चढला आणि शेवटच्या लाटा नाहीशा झाल्या, तर कॉइलचे वेटोळे आतून शॉर्ट असल्याचा संशय घ्यावा.

केवळ आयडलवर थांबू नये. अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबून सोडल्यावर सिलिंडरमधील दाब वाढतो, ठिणगीला अधिक व्होल्टेज लागतो आणि एरवी लपलेला कमकुवतपणा उघड होतो. मिसिंग अधूनमधून होत असेल, तर बरीच फायरिंग सलग साठवून मागे जाऊन पाहावे. चालू इंजिनवर प्लगची वायर मात्र काढू नये: मोकळ्या सुटलेल्या व्होल्टेजने कॉइलचे इन्सुलेशन फुटू शकते आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवून खराब करते.

संशयित सिलिंडरचा वेव्हफॉर्म त्याच सेटिंगवर शेजारच्या सिलिंडरच्या वेव्हफॉर्मशी ताडून पाहावा आणि मग इंजिन बंद करून दोन कॉइलची अदलाबदल करावी. दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइल बदलावी. तो जागच्या जागी राहिला तर प्लग, मिश्रण आणि कॉम्प्रेशन याच क्रमाने तपासावे.