अरेका पाम सुकतोय? खत बाजूला ठेवा, आधी कुंडीतून काढून बघा

अरेकाच्या झावळ्या पिवळ्या पडल्या की घरात येणारा प्रत्येक जण सल्ला देतो, पाणी कमी पडतंय, उन्हात ठेव, चहाचा चोथा घाल. यातलं सध्या काहीच करू नका. पुण्यातल्या बाल्कनीत मी बरीच वर्षं हे झाड सांभाळतोय, आणि सांभाळायला शिकण्याआधी तीन मारलेत.

आधी जीव आहे का ते बघा. मधला न उघडलेला पोंगा हलकेच ओढायचा. बुडाशी कुजून हातात आला तर तो कोंब गेला, मुळाशी कापून टाका, त्याला परत शेंडा फुटत नाही. बाकीचे कोंब घट्ट असतील तर झाड वाचतं, कारण अरेका झुपक्यानेच वाढतो.

आता खरं काम. नर्सरीतून झाड येतं ते लाल चिकण मातीच्या गोळ्यात, त्याला हुंडी म्हणतात. आपण मस्त हलकं कोकोपीटवालं (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिश्रण बनवतो आणि ती हुंडी तशीच्या तशी मधे बसवतो. मग होतं काय, की एकदा वाळून दगड झाली की पाणी बाजूच्या भुसभुशीत मातीतून सरळ खाली जातं आणि हुंडी आत कोरडीच, आणि एकदा भिजली की आठ-आठ दिवस चिखल, मुळं गुदमरून कुजतात. दोन्हीत झावळ्या पिवळ्याच होतात, म्हणून वरून बघून "पाणी कमी" की "पाणी जास्त" हे कुणालाच सांगता येत नाही, कितीही छातीठोकपणे सांगत असले तरी.

पहिल्या झाडाची हुंडी मी तशीच ठेवली, गेलं. दुसऱ्याची चिडून पाइपाखाली धरून सगळी माती धुऊन काढली, मुळं एकदम स्वच्छ, फोटो काढण्यासारखी, आणि तीन आठवड्यांत झाड खलास. पामची मुळं असली छेडछाड सहन करत नाहीत. मधला मार्ग असा: हुंडी अर्धा तास बादलीभर पाण्यात बुडवा, मग उदबत्तीच्या काडीने किंवा चॉपस्टिकने फक्त बाहेरची इंचभर माती आणि तळाची माती हळूहळू पाडा. गाभ्याला काडीने चार-पाच भोकं पाडा आणि तिथेच थांबा. हात शिवशिवतील, तरी थांबा. काळी, मऊ, वास मारणारी मुळं कापा, टणक मुळांना कात्री लावायची नाही. झुपका सुटा करून दोन कुंड्या करायचा मोहही नको, आजारी झाडाला तर अजिबातच नको.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोनच इंच मोठी. "वाढायला जागा हवी" म्हणून टब आणलात तर न वापरलेली माती ओली राहून परत तेच. मिश्रणात जाड वाळू किंवा विटांचा चुरा भरपूर, गांडूळखत मूठभर. खोड आधी जितकं मातीबाहेर होतं तितकंच बाहेर ठेवा.

मग तीन आठवडे उजेडात, पण उन्हाबाहेर. बोट दोन इंच खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, आणि खालच्या ताटलीत साचलेलं लगेच ओता.

अर्धवट पिवळ्या झावळ्या कापू नका, झाड त्यातलं पोटॅश नव्या पानाला नेत असतं. पूर्ण वाळलेल्या काढा. पानाखाली बारीक जाळी दिसली तर कोळी (रस शोषणारी बारीक कीड) आहे, पाण्याच्या फवाऱ्याने धुवा आणि नीमतेल. टोकं करपत असतील तर बहुतेक बोअरच्या पाण्यातले क्षार, महिन्यातून एकदा बोअरचं नसलेल्या साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढायची.

नवं पान पूर्ण उघडेपर्यंत खत बंद. नंतरही नुसता युरिया नको, पोटॅशची कमतरता असेल तर त्याने उलट वाढते. लिटरभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), महिन्यातून एकदा, एवढं चालेल.

झाड जगतंय का हे कळत नसेल तर पोंगा आणि शेजारचा देठ यांवर मार्करने एकाच उंचीवर रेघ मारा. पंधरा-वीस दिवसांत पोंग्यावरची रेघ वर सरकली असेल तर वाढ सुरू झालीय, मग पिवळ्या झावळ्यांकडे लक्ष देऊ नका, त्या काही परत हिरव्या होत नाहीत.