टीईटीच्या वादात कोर्टात जाण्याआधी: पोच घेतलीत का?

पहिल्या याचिकेच्या वेळी माझ्याकडे सगळं होतं. नेमणूक आदेश, रुजू अहवाल, डी.एड.च्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र, सगळं फायलीत क्रमाने लावलेलं. नव्हती ती फक्त पोच. वैयक्तिक मान्यता, म्हणजे नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, अडली म्हणून मी तीन पानी निवेदन लिहिलं आणि स्वतः त्यांच्या कार्यालयात जाऊन दिलं. टेबलावरचे लिपिक म्हणाले, "ठेवा ताई, साहेब आले की देतो." मी ठेवलं आणि घरी आले. पुढे कोर्टात सरकारी वकिलांनी सांगितलं की असं निवेदन कार्यालयाला मिळालेलंच नाही, आणि मिळालं होतं हे दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हतं. नव्याने निवेदन द्या, कार्यालयाने ते आठ आठवड्यांत निकाली काढावं, एवढ्यावर याचिका संपली. पोच असती तर जिथे पहिल्याच दिवशी उभी असते, तिथे यायला मला दीड वर्ष लागलं. आता पुन्हा बरेच शिक्षक याच वाटेवर आहेत, म्हणून सगळी तयारी एकदा लिहून काढते.

सुरुवात कागदांपासून करू नका, तारखांपासून करा. "टीईटी नाही म्हणून अडवलंय" असं प्रत्येक जण सांगतो, पण त्या एका वाक्यात निरनिराळे वाद असतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला कायद्याच्या तारखा लिहा. 1 एप्रिल 2010, शिक्षण हक्क कायदा लागू. 23 ऑगस्ट 2010, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची किमान पात्रतेची अधिसूचना. 13 फेब्रुवारी 2013, आपल्या राज्याचा टीईटी सक्तीचा शासन निर्णय. 15 डिसेंबर 2013, राज्याची पहिली टीईटी. 31 मार्च 2015 आणि 31 मार्च 2019, टीईटी मिळवण्याच्या मुदतीच्या तारखा. 1 सप्टेंबर 2025, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. उजव्या बाजूला स्वतःच्या तारखा लिहा: जाहिरात, मुलाखत, नेमणूक, रुजू, मान्यता, टीईटीचा निकाल, सेवानिवृत्ती. दोन्ही बाजू शेजारी आल्या की आपली बाजू कुठे भक्कम आहे आणि कुठे पोकळ आहे ते वकिलांआधी आपल्याला कळतं.

माझंच सांगते. मी 2013 च्या जूनमध्ये रुजू झाले. राज्याची टीईटी तोवर एकदाही झालेली नव्हती. मला वाटलं, हा मुद्दा एवढा उघड आहे की यापुढे बोलायलाच नको. पण केंद्राची सीटीईटी 2011 पासून होत होती, आणि समोरून पहिलं वाक्य तेच येतं. त्याचं उत्तर आधी तयार ठेवा. माझा खरा आधार दुसरीकडे होता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 23 मध्ये 2017 साली दुरुस्ती झाली आणि 31 मार्च 2015 रोजी सेवेत असलेल्या, किमान पात्रता नसलेल्या शिक्षकांना ती मिळवायला 31 मार्च 2019 पर्यंत मुदत मिळाली. मी डिसेंबर 2014 च्या टीईटीत उत्तीर्ण झाले होते. मुदतीत ज्यांना ते जमलं नाही त्यांच्या याचिका जून 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने फेटाळल्या. उलट ऑक्टोबर 2025 मध्ये उत्तर प्रदेशातल्या उमाकांत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुदतीच्या आत टीईटी झालेल्या शिक्षकाला, नेमणुकीच्या दिवशी ती नव्हती एवढ्याच कारणाने काढता येणार नाही. म्हणजे सगळं एका निकालाच्या तारखेवर येऊन थांबतं. प्रमाणपत्रावर परीक्षेची तारीख कोणती, निकालाची कोणती, हे डोळे उघडे ठेवून वाचा.

1 सप्टेंबर 2025 चा निकाल मात्र सगळ्यांनी मुळातून वाचायलाच हवा. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन, न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह. कायदा येण्याआधी लागलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण पदोन्नती हवी तर टीईटी लागेलच. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. आणि हा निकाल कुणी तरी पाठवलेल्या चार ओळींच्या सारांशावरून समजून घेऊ नका. शिल्लक सेवा कोणत्या दिवसापासून मोजायची, आपण सेवेत असलेले की पदोन्नती मागणारे, हे मूळ परिच्छेद वाचल्याशिवाय कळत नाही. अर्ज लिहायला बसाल त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर या प्रकरणात पुढे काही आदेश झालाय का, तेही पाहा.

बी.एड.वाल्यांचा वाद निराळा. 2018 च्या अधिसूचनेने त्यांना पहिली ते पाचवीची दारं उघडली होती. 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या देवेश शर्मा प्रकरणातल्या निकालाने ती बंद झाली, आणि त्या तारखेच्या आधी नेमलेल्यांना एप्रिल 2024 मध्ये संरक्षण मिळालं. एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, 18 महिन्यांच्या शिक्षण पदविकेचा वाद आणखी निराळा. आपला वाद यांत मिसळू नका. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षकांनी दुसऱ्याच वादातली याचिका जशीच्या तशी उतरवून घेतली होती. पहिल्या सुनावणीलाच ते उघडं पडलं.

आता कागद. नेमणूक आदेश, रुजू अहवाल, गुणपत्रिका, प्रमाणपत्रं हे कुणी सांगायला नको. लोक विसरतात ते हे: जाहिरातीचं नुसतं कात्रण चालत नाही, वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असं पूर्ण पान लागतं. संस्थेचा नेमणुकीचा ठराव. त्या वर्षाची संचमान्यता, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांचा आदेश, कारण पदच मंजूर नव्हतं असं म्हटलं गेलं तर टीईटीपर्यंत विषय पोहोचतच नाही. बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं याची नोंद. 31 मार्च 2015 च्या आसपासचा हजेरीपट आणि पगारपत्रक, त्या दिवशी सेवेत होतो हे दाखवायला. सेवापुस्तिकेची दुसरी प्रत प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवायला हवी. नसेल तर आजच मागा. मागणी लेखी करा आणि तिचीही पोच घ्या. शासन निर्णय संकेतांकासह शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरचं अक्षर न्यायाधीशांना वाचता आलं पाहिजे. पुसट असेल तर टाइप करून घ्या.

आणि आता पोच. इथे घाई करू नका, मी केली होती. कार्यालयाने एखादी गोष्ट करावी असा आदेश कोर्टाकडे मागायचा असेल, तर आधी आपण ती मागितली आणि त्यांनी नाकारली किंवा गप्प बसले, हे दाखवावं लागतं. निवेदन म्हणजे मागणी. पोच म्हणजे मागणीचा पुरावा. पोच नाही तर मागणी नाही, आणि मागणी नाही तर नकारही नाही. मग तुमची बाजू कितीही खरी असो, कोर्ट तुम्हाला परत त्याच टेबलापाशी पाठवतं.

पोच म्हणजे काय हेही नीट समजून घ्या. निवेदनाच्या दोन प्रती न्यायच्या. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही, अशा चारही गोष्टी घ्यायच्या. नुसती सही ही पोच नाही. आवक क्रमांकाशिवायचा शिक्का ही अर्धी पोच. लिपिकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो आणि त्याखाली आलेला अंगठा ही पोच नाही. "साहेबांना प्रत्यक्ष भेटून सांगितलं" ही तर नाहीच. मुख्याध्यापकांमार्फत योग्य मार्गाने पाठवत असाल तर शाळेच्या आवकमध्ये नोंद करून घ्या, शाळेने पुढे पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक घ्या, आणि एक अग्रिम प्रत थेट कार्यालयात देऊन तिची वेगळी पोच घ्या. संस्था आणि कार्यालय एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा ही अग्रिम प्रतच कामी येते.

शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर वाद घालू नका, तिथून उठा आणि त्याच दिवशी पोस्टात जा. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच आलं आहे. पोचपावती मिळेल अशा सेवेने पाठवा. पावतीवरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून तिची लगेच झेरॉक्स काढा. पत्र पोहोचल्याची नोंद संकेतस्थळावरून त्याच आठवड्यात छापून घ्या, नंतर ती तिथे सापडेलच असं नाही. सोबत कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा. तिन्ही करा. एक पुरेसं आहे असं मलाही वाटलं होतं.

निवेदनात काय लिहायचं? मागणी. माझ्या तीन पानांत अन्याय होता, मुलाबाळांची काळजी होती, बिनपगारी काढलेली वर्षं होती. नेमकी मागणी शेवटच्या ओळीत होती आणि तीही मोघम. आता मी एका पानात लिहिते: नेमणुकीची तारीख ही, टीईटीच्या निकालाची तारीख ही, कलम हे, म्हणून अमुक तारखेपासून वैयक्तिक मान्यता द्यावी आणि शालार्थ आयडीचा (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतल्या क्रमांकाचा) प्रस्ताव पुढे पाठवावा. नाकारणार असाल तर कारणांसह लेखी कळवावं. खाली क्रमांक घालून सोबतच्या कागदांची यादी. ती यादी पोच घेतलेल्या प्रतीवरही हवी, नाहीतर पत्र मिळालं पण सोबत काही जोडलेलं नव्हतं असं उत्तर येतं.

पोच घ्यायची राहून गेली असेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये, तीस दिवस. आवक नोंदवहीच्या त्या दिवसाच्या पानाची साक्षांकित प्रत मागा. मी मागितली तेव्हा त्या पानावर माझं नाव नव्हतं. लिपिकांनी निवेदन नोंदवलंच नव्हतं, आणि त्यांच्या खणात ते किती दिवस होतं हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तसं झालं तर जुन्या निवेदनाच्या मागे लागू नका. नवं द्या, पोच घ्या, पुढे चला. माहिती अधिकाराच्या अर्जाची पण पोच घ्या.

कुठल्या दारात जायचं हे चुकवू नका. मान्यता नाकारली किंवा अडवली तर उच्च न्यायालयात रिट याचिका. खाजगी शाळेने नोकरीवरूनच काढलं तर 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील, आणि तिथे आदेश मिळाल्यापासून फक्त 30 दिवस. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी कारण सिद्ध करावं लागतं. वाटाघाटी चालू होत्या, संस्थाचालक शब्द देत होते, असल्या कारणांवर विसंबू नका. आदेश हातात पडला ती तारीख लिफाफ्यासकट जपा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या शिक्षकांना आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं.

एकत्र याचिका करायची तर तारखा सारख्या असलेल्यांनीच करा. खर्च वाटला जातो म्हणून पंचवीस जणांनी एकत्र यायचं आणि त्यांतल्या चौघांची टीईटी 2019 नंतरची निघायची, असं झालं की सगळ्यांचाच मुद्दा पातळ होतो.

वकिलांकडे जाताना तो तारखांचा कागद न्या. फी आधी बोलून घ्या आणि पावती मागा. याचिकेचा मसुदा वाचल्याशिवाय प्रतिज्ञापत्रावर सही करू नका. इंग्रजी अडत असेल तर कुणाकडून तरी ओळ न ओळ समजून घ्या, कारण त्यातली तारीख चुकली तर ती चूक तुमच्या शपथेवरची असते. निवेदन आणि त्याची पोच कुठल्या पानावर लावली आहे ते स्वतः पाहा. मसुद्यात नुसतं "निवेदन दिलं" एवढंच असेल तर तिथे आवक क्रमांक आणि तारीख घालायला लावा. संकोच करू नका.

दरम्यान टीईटी झाली नसेल तर फॉर्म भरा आणि अभ्यास करा. खटला चालू आहे म्हणून परीक्षा सोडू नका. दीडशे प्रश्न, अडीच तास, खुल्या गटाला 60 टक्के, मागासवर्गीयांना 55.

सुनावणीच्या तारखा स्वतः संकेतस्थळावर पाहत जा. शासनाचं उत्तर आलं की त्याच आठवड्यात वाचा आणि खोडून काढायचे मुद्दे वकिलांना लिहून द्या. अंतरिम आदेश मिळाला तर तो कधीपर्यंत आहे ते पाहा.

आदेश झाला की प्रमाणित प्रतीसाठी लगेच अर्ज. प्रत मिळाली की आपल्या पत्रासोबत कार्यालयात आणि संस्थेत द्या, आणि पोच घ्या. आठ आठवडे म्हटलं असेल तर ते कधी सुरू झाले हे त्या पोचेवरून दाखवायचं असतं, आणि त्यांनी काहीच केलं नाही तर अवमान याचिकेला मुदत एकच वर्षाची आहे. मी दुसऱ्या वेळी आदेशाची प्रत द्यायला गेले, तेव्हा साहेब रजेवर होते आणि शिक्का कपाटात बंद होता. मी बाकावर बसून राहिले. चार वाजता कपाट उघडलं, शिक्का मिळाला, आवक क्रमांक मिळाला, सही मिळाली, आणि मगच मी शेवटची एसटी पकडली.