रेल्वेचा आवाज आणि जमिनीचे हादरे कसे मोजावेत

दिवसभर ध्वनिमापक चालू ठेवून शेवटी एकच सरासरी काढली, तर त्यात रस्त्यावरचे हॉर्न आणि भुंकणारी कुत्रीही मिसळतात. त्यातला रेल्वेचा वाटा किती, ते कळत नाही. म्हणून प्रत्येक गाडी वेगळी मोजा.

ध्वनिमापक वर्ग १ चा, म्हणजे जास्त अचूक, हवा. मोजणीच्या आधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने (ठरलेला आवाज देणाऱ्या उपकरणाने) तपासा. अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक पडला तर मोजणी बाद. मायक्रोफोनवर स्पंजची टोपी लावा. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की थांबा. गाडीचाच आवाज तपासायचा असेल तर आयएसओ ३०९५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे रुळांच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटर, रुळाच्या माथ्यापासून १.२ मीटर उंचीवर. रहिवाशांचा त्रास पाहायचा असेल तर घराच्या भिंतीपासून १ मीटरवर. तिथे भिंतीवरून परतलेल्या आवाजाचे सुमारे ३ डेसिबल वजा करावे लागतात, आणि नेमके तेच राहून जाते.

प्रत्येक गाडीचा एसईएल (सगळी ध्वनिऊर्जा एका सेकंदात कोंबली तर येणारी पातळी), कमाल पातळी, वेग, डबे आणि प्रवासी की माल हे लिहून ठेवा. आवाज कमाल पातळीच्या किमान १० डेसिबल खाली उतरेपर्यंत नोंद तोडू नका. एसईएलची सरासरी ऊर्जेवर काढायची, नुसते डेसिबल मिळवून भागायचे नाहीत. सरासरी ९० आली आणि १६ तासांत ४० गाड्या गेल्या, तर (१६ तासांचे ५७,६०० सेकंद धरून) ९० + १० लॉग ४० − १० लॉग ५७,६०० = ९० + १६ − ४७.६, म्हणजे ५८.४ डेसिबल.

हादऱ्यांत घोळ होतो तो संवेदक बसवण्यात. गालिच्यावर किंवा सैल फरशीवर ठेवलेला संवेदक जमिनीऐवजी स्वतःचेच हलणे नोंदवतो. पक्क्या जमिनीला तो मेणाने चिकटवा, मातीत खुंटी ठोकून तिच्यावर बसवा. घरात खोलीच्या मध्यावर मोजा, कारण स्लॅब तिथेच जास्त हलतो. तिन्ही दिशा, १ ते ८० हर्ट्झ.

माणसांच्या त्रासासाठी व्हीडीव्ही (ठरलेल्या वेळात बसलेल्या हादऱ्यांची एकूण मात्रा), भिंतीच्या तड्यांसाठी कमाल कणवेग (हादऱ्यात जमिनीचा कण गाठतो तो सर्वाधिक वेग). यांची अदलाबदल नको: तडे जायला लागतो त्याहून कितीतरी लहान हादरा माणसाला जाणवतो. व्हीडीव्ही चौथ्या घातावर चालतो, म्हणून एकसारख्या १६ गाड्यांचा आकडा एका गाडीच्या फक्त दुप्पट होतो, पण चाक चपटे झालेली एकच मालगाडी सगळा निकाल फिरवू शकते.

शेवटी वारंवारता पाहा. वेग सेकंदाला २० मीटर आणि स्लीपरमधले (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांमधले) अंतर ०.६ मीटर असेल तर ३३ हर्ट्झला शिखर दिसू शकते. वेगाबरोबर सरकणारे शिखर चाक-रुळाचे. वेग बदलूनही जागचे न हलणारे बहुधा मातीचे किंवा स्लॅबचे, आणि तिथे रूळ घासून काही साधत नाही.