सर्व्हरवरील आयपीव्ही६ बंद-चालू करताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की देवगड-रत्नागिरीकडील आंबा बागायतदारांच्या संकेतस्थळांवर मागणी वाढू लागते आणि त्याच सुमारास ‘साइट उघडायला फार वेळ लागतो’ ही तक्रार माझ्याकडे येते. सर्व्हरवरचे आयपीव्ही६ (इंटरनेटवरील यंत्रांना पत्ते देणारा नवा प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच; जुना तो आयपीव्ही४) बंद करा, म्हणजे सगळे सुरळीत होईल, असे कोणीतरी त्यांना आधीच सांगितलेले असते. कधीकधी तसे होतेही; पण मी हाताळलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ हा प्रोटोकॉल अर्धाच बंद किंवा अर्धाच चालू राहण्यात सापडले. त्याचा एक धागा सर्व्हरच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात), दुसरा डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या, नोंदींत, तिसरा नको त्या जोडण्या अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये आणि चौथा प्रत्येक सेवेच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये असतो.

म्हणून पहिली चूक म्हणजे तपासणी न करता बंद करणे. कर्ल या पान मागवणाऱ्या साधनाला एकदा ४ आणि एकदा ६ हा पर्याय देऊन तेच पान दोन्ही मार्गांनी मागवून पाहावे, तेही सर्व्हरवरून न करता बाहेरच्या जोडणीवरून करावे. भारतातील मोबाइल ग्राहकांपैकी बरेच जण आज आयपीव्ही६ वरच असतात, त्यामुळे मुंबईतल्या चाकरमान्याच्या फोनवर जे दिसते ते गावच्या कार्यालयातील आयपीव्ही४ च्या जोडणीवर दिसेलच असे नाही. चार वर (आयपीव्ही४ ने) पान लगेच येते आणि सहा वर (आयपीव्ही६ ने) अडकते, असे आढळले तरच पुढे जावे.

डीएनएसची विसरलेली नोंद

आयपीव्ही६ पत्त्याची डीएनएस नोंद, जिला क्वाड-ए म्हणतात, ती तशीच ठेवून सर्व्हरवर प्रोटोकॉल बंद करणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ग्राहकाचा ब्राउझर आधी त्या पत्त्यावर जाऊन पाहतो. आधुनिक ब्राउझर सेकंदाच्या एका अंशात दुसऱ्या मार्गाकडे वळतो, परंतु पैसे भरल्याची सूचना पाठवणारे किंवा साठ्याचा हिशेब जुळवणारे जुने प्रोग्राम मुदत संपेपर्यंत ताटकळत राहतात, आणि ‘वेबसाइट चालते, पण ऑर्डर येत नाही’ असे विचित्र चित्र उभे राहते.

याहून त्रासदायक प्रकार दोन महिन्यांनी उघड होतो. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था सुरक्षित जोडणीसाठी लागणारे प्रमाणपत्र देण्यापूर्वी संकेतस्थळाची पडताळणी करते आणि क्वाड-ए नोंद असेल तर आधी आयपीव्ही६ नेच जाते. जोडणीच झाली नाही तर ती चारच्या मार्गाने पुन्हा प्रयत्न करते. मात्र तो जुना पत्ता दरम्यान दुसऱ्या कोणाच्या यंत्राला मिळालेला असेल आणि ते यंत्र उत्तर देत असेल, तर पडताळणी तिथेच फसते. ९० दिवसांच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण बहुधा शेवटचे ३० दिवस उरले की सुरू होते. तोपर्यंत मार्चमध्ये केलेला बदल कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

त्यामुळे क्रम पाळावा. बंद करताना आधी नोंद काढावी, तिच्या टीटीएलमध्ये (नोंद इतरत्र किती वेळ साठवायची ते सांगणाऱ्या आकड्यात) लिहिलेला अवधी, उदाहरणार्थ ३६०० सेकंद, पूर्ण जाऊ द्यावा आणि मगच सर्व्हरला हात लावावा. चालू करताना नोंद सर्वांत शेवटी घालावी.

वीज गेल्यावर परत आलेला प्रोटोकॉल

लिनक्सवर कर्नलची सेटिंग बदलणाऱ्या सिस्टिम कंट्रोलच्या (sysctl) आज्ञेने केलेला बदल तात्पुरता असतो. यंत्र पुन्हा सुरू झाले की तो पुसला जातो. कोकणात पहिल्या पावसात वीज जाणे नवीन नाही, आणि बॅटरीही उतरली की सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू होतोच. चिपळूणच्या एका कार्यालयात नेमके असेच झाले. आयपीव्ही६ तात्पुरते बंद केले होते, रात्री वीज गेली, पहाटे यंत्र सुरू झाले ते आयपीव्ही६ चा पत्ता घेऊनच, आणि फायरवॉलचे सगळे नियम केवळ चारसाठी लिहिलेले असल्याने डेटाबेसचे पोर्ट (जोडणीचे दार) बाहेरच्या जगाला उघडे पडले. राउटरही आत येणारी जोडणी अडवत नव्हता. सुदैवाने सकाळीच लक्षात आले.

यातून दोन गोष्टी कराव्याच लागतात. बदल कायमस्वरूपी संरचना फाइलमध्ये, ‘ऑल’ आणि ‘डिफॉल्ट’ या दोन्ही ओळींसह लिहावा, नेटवर्क मॅनेजर किंवा नेटप्लॅन ही नेटवर्क सांभाळणारी साधने वापरात असल्यास त्यांच्या सेटिंगमध्येही तो करावा, आणि दिवसाउजेडी स्वतः यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे. दुसरी गोष्ट फायरवॉलची. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल साधनाचे नियम आयपीव्ही६ ला लागू होत नाहीत, त्यासाठी आयपी६टेबल्स वेगळे आहे. एनएफटेबल्स या नव्या साधनामध्ये ‘आयनेट’ प्रकारचे कोष्टक दोन्हींना पुरते. प्रोटोकॉल बंद ठेवायचा असला तरी हे नियम लिहूनच ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. घरगुती राउटरमागे आयपीव्ही४ चे यंत्र सहसा लपलेले असते. आयपीव्ही६ मध्ये त्याला बहुधा जगभर पोहोचणारा स्वतःचा पत्ता मिळतो.

नियम लिहिताना सगळे आयसीएमपी (यंत्रे एकमेकांना पाठवतात ते सूचना-संदेश) अडवू नये. आयपीव्ही६ मध्ये शेजारचे यंत्र आणि राउटर शोधण्याचे काम त्याच्याच संदेशांवर चालते. वाटेतले राउटर मोठ्या पॅकेटचे (डेटाच्या गठ्ठ्याचे) तुकडे करत नाहीत. ते ‘पॅकेट फार मोठे’ असा निरोप परत पाठवतात. तो निरोप अडला की लहान पाने उघडतात आणि आंब्याच्या पेट्यांची मोठी छायाचित्रे अर्ध्यावर थांबतात.

कर्नलच्या सुरुवातीलाच पर्याय देऊन आयपीव्ही६ समूळ काढणे हा टोकाचा उपाय आहे. एंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या संरचनेत सहाच्या पत्त्यावर ऐकण्याची ओळ राहिली असेल, तर ती सेवा सुरूच होत नाही. विंडोज सर्व्हरवर तर पूर्ण बंद करण्याऐवजी आयपीव्ही४ ला प्राधान्य द्यावे, असे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सुचवते.

चालू करतानाचे दोन सापळे

प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या डॉकरसारख्या साधनासाठी सर्व्हरवर आयपीव्ही६ चे फॉरवर्डिंग (इतरांची पॅकेट पुढे पाठवणे) चालू केले की लिनक्स हे राउटरच्या घोषणा, म्हणजे पत्ता व मार्ग कळवणारे संदेश, स्वीकारणे थांबवते. पत्ता दिसतो, पण बाहेर जाण्याचा मार्ग नाहीसा होतो. अशा वेळी घोषणा स्वीकारण्याच्या सेटिंगचे मूल्य १ ऐवजी २ करावे लागते. दुसरा सापळा ईमेलचा: आयपीव्ही६ मिळताच मेल सर्व्हर त्या मार्गाने पत्रे पाठवू लागतो, आणि त्या पत्त्याची उलटी (पत्त्यावरून नाव सांगणारी) डीएनएस नोंद नसेल तर जीमेल ती नाकारते. ती नोंद होईपर्यंत पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रामला केवळ आयपीव्ही४ वापरायला सांगावे.

यांपैकी काहीही दुरून करताना आपली एसएसएच जोडणी (दुरून सर्व्हरला आज्ञा देण्याची वाट) कोणत्या प्रोटोकॉलवर आहे, हे आधी पाहावे. ती आयपीव्ही६ वर असेल तर बंद करण्याची आज्ञा देताच आपणच बाहेर पडतो, आणि सर्व्हर सावंतवाडीला व आपण अलिबागला असलो तर अख्खा दिवस प्रवासात जातो. दहा मिनिटांनी जुनी सेटिंग आपोआप परत आणणारी आज्ञा ‘ॲट’ या साधनाने आधी लावून ठेवावी, मग बदल करावा, नव्याने लॉगिन होते याची दुसऱ्या खिडकीत खात्री करावी आणि त्यानंतरच ती लावलेली आज्ञा रद्द करावी.