दोन बेटांवरच्या एअरपोर्टमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा

बेटांच्या मध्ये रस्ता नसतो त्यामुळे मॅपवर डायरेक्शन टाकून काही उपयोग होत नाही, अंतर आपणच काढावं लागतं. हिशोब सोपा आहे, फक्त वेळेच्या बाबतीत घाई करू नका. उदाहरणाला सामोआचं फालेओलो आणि अमेरिकन सामोआचं पागो पागो घेऊ.

आधी दोन्ही एअरपोर्टचे अक्षांश-रेखांश शोधा. बेटाचे किंवा शहराचे नाही, एअरपोर्टचेच, कारण फालेओलो हे अपिया शहरापासून चांगलंच पश्चिमेला आहे. फालेओलो साधारण 13.83 दक्षिण, 172.01 पश्चिम. पागो पागो 14.33 दक्षिण, 170.71 पश्चिम.

आता वजाबाकी. अक्षांशात फरक 0.50, रेखांशात 1.30. एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास 111 किमी, म्हणून पहिला फरक झाला 55.5 किमी. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून लांब जाल तसा लहान होत जातो म्हणून 111 ला त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं, 14 अंशाला तो 0.97 येतो, म्हणजे 140 किमी. मग पायथागोरस, दोघांचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ, उत्तर 150 किमीच्या आसपास. पायलट लोक नॉटिकल मैलात मोजतात (1 म्हणजे 1.852 किमी), त्या हिशोबाने 81.

हे जवळच्या बेटांसाठी झालं. हजारो किमीचं अंतर असेल तर पृथ्वीची गोलाई मध्ये येते, तिथे स्प्रेडशीटमध्ये हॅवरसाइन फॉर्म्युला (गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर काढायचं सूत्र) लावा, पृथ्वीची त्रिज्या 6371 किमी. आणि मध्ये 180 रेखांशाची रेषा येत असेल तर जपून! फिजीचं नादी 177.44 पूर्व आहे, तिथून फालेओलोपर्यंत सरळ बेरीज केली तर 349.45 येतं, ते 360 मधून वजा करा, खरा फरक 10.55 अंशच आहे.

वेळेसाठी नुसतं अंतर भागिले वेग करू नका, इथेच बहुतेक जण चुकतात. ट्विन ऑटरसारखं छोटं विमान ताशी 280 किमी धरलं तर 150 किमीला 32 मिनिटं, पण टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं), टेकऑफ, वर चढणं, खाली उतरणं यांची 10 मिनिटं तरी वेगळी धरा. मोठ्या जेटला ताशी 800 ते 900 किमी धरा आणि वरून अर्धा तास. लांबच्या फ्लाइटला वारा समोरून असेल तर वेळ बराच वाढतो, म्हणून जायचा आणि यायचा वेळ एकच असेल असं धरूनच चालू नका.

शेवटी घड्याळ, मला सगळ्यात आवडणारी पायरी. सामोआ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) 13 तास पुढे आणि अमेरिकन सामोआ 11 तास मागे, म्हणजे मध्ये बरोबर 24 तास. सामोआने 2011 मध्ये 30 डिसेंबर हा दिवसच वगळला आणि तारीखरेषेच्या पलीकडे गेलं, तेव्हापासून हे असं आहे. म्हणून फालेओलोहून शनिवारी सकाळी 10 ला निघालात तर पागो पागोला पोचाल शुक्रवारी पावणेअकराच्या सुमारास! येताना उलट, अख्खा एक दिवस पुढे. पुढचं हॉटेल किंवा कनेक्टिंग फ्लाइट बुक करताना उतरायच्या ठिकाणची तारीख टाका, निघायच्या ठिकाणची नाही.